विमानाची गोळी

आकाशवाणीवर बसून आकाशाच्या भीतीबद्दल बोलायचं, हा योग तसा गमतीचाच. विषय मात्र गमतीचा नाही. विमानात बसायला घाबरणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण ती तसं बोलून दाखवत नाहीत. कुणी म्हणतं, सुट्टी मिळाली नाही. कुणी म्हणतं, गुडघे दुखतात. जो बोलत नाही त्याला धड इलाजही सापडत नाही. सापडते ती कुणीतरी हळूच हातावर ठेवलेली गोळी. 'ही घ्या, काही होत नाही, झोप लागेल,' एवढ्या बोलण्यावर ती घेतली जाते.

आज मला त्या गोळीविषयी बोलायचं आहे. मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. पण ही भीती मी आतून ओळखतो आणि ती गोळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी घेतलेली आहे.

मी राहतो बारामती तालुक्यातल्या माळेगाव बुद्रुकला. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला हा भाग. ऊस, साखर कारखाना, हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. अशा गावातल्या माणसाचा आणि विमानाचा काय संबंध, असं वाटेल. पण संबंध जुना आहे. बारामतीच्या धावपट्टीवर वैमानिक घडवणाऱ्या संस्था आल्या आणि त्यांची लहान विमानं वर्षानुवर्षं आमच्या शिवारावरून घिरट्या घालत आली. आमच्याकडच्या पोरांना विमानाचं अप्रूप राहिलं नाही. फडातली ऊसतोड करणारी बाई तर मान वर करूनही बघत नाही.

पण रोज दिसणारी गोष्ट ओळखीची होते, म्हणजे भरवशाची होतेच असं नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये एकाच आठवड्यात दोन प्रशिक्षण विमानं तालुक्यात कोसळली. आतली माणसं वाचली, पण लोकांच्या बोलण्यात विमान वेगळ्या रीतीनं आलं. मग १२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं विमान उड्डाण होताच पडलं. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. आणि २८ जानेवारी २०२६ च्या सकाळी आमच्या बारामतीलाच, उतरता उतरता विमान कोसळलं. उपमुख्यमंत्री अजित पवार आणि त्यांच्यासोबतचे चौघे गेले. माळेगाव कारखान्याचं अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होतं. त्या दिवशी आमच्या गावात चूल पेटली नाही अशी घरं मी पाहिली. राजकारण बाजूला ठेवा. रोज ज्याचं नाव घेतलं जातं असा माणूस आपल्या डोळ्यांसमोरच्या आभाळातून असा जातो, तेव्हा त्या आभाळाकडे बघण्याची सगळ्यांची नजरच बदलते.

त्यानंतरच्या दिवसांत माझ्याकडे दोन माणसं आली. पहिले आमचे शेजारी. सत्तरी ओलांडलेले माळकरी. तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे जाते, तिच्याबरोबर चालत पंढरी गाठणारे. मुलानं त्यांचं काशीचं विमानाचं तिकीट काढलं होतं. दुसऱ्या आमच्या नात्यातल्या एक खाला. त्यांचं उमऱ्याला जायचं ठरलं होतं. दोघांनीही मला आडबाजूला घेऊन एकच विचारलं. शेजारी म्हणाले, "चाचा, तुम्ही घेतली होती ती विमानाची गोळी उरलीय का?" खाला म्हणाल्या, "बेटा, ती गोळी मलाबी दे."

मी दोघांनाही गोळी दिली नाही. का दिली नाही, तेच आज सांगायचं आहे.

आधी भीतीविषयी. विमानाला घाबरणाऱ्या माणसाला लोक हिशेब सांगतात. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्या मानानं प्रवासी विमानात मरणारी माणसं फार थोडी. हा हिशेब खरा आहे. मला तो तोंडपाठ होता. पण बारामती-पुणे एसटीत मी बिनघोर डुलक्या घेत असे आणि विमानाचं तिकीट नुसतं बघून तळहाताला घाम फुटत असे. भीती हिशेब ऐकत नाही, कारण ती हिशेब करणाऱ्या जागी राहतच नाही.

आपल्या मेंदूत बदामाएवढा एक भाग आहे. अमिग्डला म्हणतात त्याला. मी त्याला राखणदार म्हणतो. ज्वारी हुरड्यात आली की शेतात माळ्यावर राखणदार बसवतात, तसा. काही सळसळलं की तो ओरडतो. पाखरू आहे की वारा, हे बघत बसत नाही. त्याची आरोळी ऐकली की अंगात अ‍ॅड्रेनलिन नावाचं द्रव्य सुटतं. छाती धडधडते, श्वास आखूड होतो, पोटात गोळा येतो, हातपाय पळायला तयार होतात. वाघ समोर असेल तर हे सगळं उपयोगाचं. विमानात मात्र पट्टा बांधून बसायचं असतं. पळायचं कुठे? मग तीच धडधड माणसाला सांगते की आता हृदय बंद पडणार. त्या विचारानं धडधड आणखी वाढते. याला पॅनिक अटॅक म्हणतात. त्यानं माणूस मरत नाही, पण त्या क्षणी त्याला मरण अगदी समोर दिसतं.

हा भित्रेपणा नव्हे. डेनिस बर्गकँप हा हॉलंडचा मोठा फुटबॉलपटू. हजारो लोकांपुढे न डगमगता गोल मारणारा. पण १९९४ च्या विश्वचषकानंतर त्यानं विमानात बसणं सोडलं आणि सामन्यांना तो जमेल तिथे मोटारीनं आणि रेल्वेनं जायचा. आयझॅक असिमोव्ह यांनी आकाशगंगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या कथा लिहिल्या, पण स्वतः विमानाला घाबरून ते विमानप्रवास टाळत. कल्पना जितकी चपळ, तितका राखणदार जास्त ओरडणार. लिहिणाऱ्यांनी हे समजून घ्यावं.

आता माझी गोष्ट. माझी लेक दुबईला राहते. २०२४ च्या नोव्हेंबरात तिचं बाळंतपण होतं. तिला प्रवास करायचा नव्हता. पत्नी महिनाभर आधीच तिच्याकडे गेली. मी अकीक्याला, म्हणजे बाळाच्या नामकरणाच्या विधीला पोचायचं, असं ठरलं. लेक फोनवर म्हणाली, "अब्बा, तुम्ही आला नाहीत तरी मी रुसणार नाही." हे वाक्य मला सगळ्यात जड गेलं. ती रुसली असती तर सोपं होतं.

मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो आणि सरळ सांगितलं, विमानाची भीती वाटते. त्यांनी हसून विषय टाळला नाही की लगेच गोळीही लिहिली नाही. प्रश्न विचारले. दारू घेता का? झोपेत घोरता का, मध्येच श्वास अडकून जागे होता का? दमा आहे का? काचबिंदू आहे का? दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? खोकल्याचं पातळ औषध घेता का? मला वाटलं, विमानाचा आणि घोरण्याचा काय संबंध? संबंध फार जवळचा निघाला.

ही जी गोळी आहे, ती बेन्झोडायझेपिन या कुळातली. अल्प्राझोलाम, डायझेपाम ही तिची नेहमीची नावं. लिओ स्टर्नबाख या शास्त्रज्ञानं रोश कंपनीत या कुळातलं पहिलं औषध शोधलं आणि १९६० मध्ये ते लिब्रियम या नावानं बाजारात आलं. १९६३ मध्ये आलं व्हॅलियम, म्हणजे डायझेपाम. त्याआधी बार्बिट्युरेटची औषधं देत. त्यांची मात्रा थोडी चुकली तरी जीव जाण्याचा धोका असे. त्या मानानं ही नवी औषधं सुरक्षित वाटली आणि जगभर खपली. मग हळूहळू त्यांची दुसरी बाजू कळत गेली.

मेंदूत 'गाबा' नावाचं एक द्रव्य असतं. त्याचं काम मज्जापेशींना शांत करण्याचं. ही गोळी त्याचा जोर वाढवते. माझ्या भाषेत सांगायचं तर ती माळ्यावरच्या राखणदाराला झोपवते. पण नुसत्या राखणदाराला नाही. थोडा तोल, थोडी स्मरणशक्ती, थोडी हुशारी आणि श्वासाची गतीसुद्धा तिच्यासोबत मंदावते. विमानाच्या आत हवेचा दाब राखलेला असतो, पण तो जमिनीवरचा नसतो. सहा ते आठ हजार फुटांवर हवा जितकी विरळ, साधारण तितकी विरळ हवा आत असते. आपलं कळसूबाईचं शिखर ५४०० फूट. म्हणजे कळसूबाईहूनही उंचावर बसल्यासारखं. निरोगी माणसाला त्याचं काही नाही. पण ज्याचा श्वास झोपेत अडकतो, त्यानं तिथे ही गोळी घेतली, त्यात दारू किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध पोटात असलं, तर श्वासच अपुरा पडू शकतो. घोरण्याचा प्रश्न यासाठी होता.

डॉक्टरांनी मला अगदी थोड्या गोळ्या लिहून दिल्या. किती मिलिग्रॅमच्या, ते मुद्दाम सांगत नाही. ऐकणारा बाकी सगळं विसरतो आणि तेवढाच आकडा लक्षात ठेवतो. आणि सांगितलं, पहिली गोळी विमानात घ्यायची नाही, घरी घ्यायची. संध्याकाळी, घरात माणूस असताना, कुठे जायचं नसताना. कारण काही माणसांना या गोळीनं शांत वाटण्याऐवजी उलटंच होतं. ती चिडतात, बेफाम बोलतात. म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो, पडून खुब्याचं हाड मोडतं. हे तीस हजार फुटांवर कळण्यापेक्षा माळेगावात कळलेलं बरं. मी धाकट्या मुलाला समोर बसवून गोळी घेतली. तासाभरात बातम्या ऐकता ऐकता डोळा लागला. एवढंच झालं.

गोळी देताना मेडिकलवाल्यानं वेगळी वही काढली आणि माझं नाव, डॉक्टरांचं नाव, गोळ्यांची संख्या लिहून घेतली. मला ते पोलिसी वाटलं. पण तसा कायदाच आहे. १ मार्च २०१४ पासून ही औषधं अनुसूची एच-१ मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि ती नोंद तीन वर्षं जपून ठेवायची. चिठ्ठी न बघता या गोळ्या देणारी दुकानं असतात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तो दुकानदार उपकार करत नाही. डॉक्टरांनी विचारले असते ते घोरण्याचे, दम्याचे, दारूचे प्रश्न तो गाळतो, बाकी काही नाही.

दुबईचं आणखी एक होतं. संयुक्त अरब अमिरातीत ही औषधं नियंत्रित यादीत आहेत. बरोबर न्यायची तर आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते. जावयानं चिठ्ठी मागवून तो अर्ज भरला. सौदी अरेबियातही अशा औषधांचे नियम कडक आहेत. आपल्याकडचे हज-उमऱ्याचे प्रवासी, आखातात कामाला जाणारी पोरं यांनी हे कानात साठवून ठेवावं. इथे उशाखाली सापडते ती गोळी तिथे गुन्हा ठरू शकते. दुसऱ्याच्या नावाची गोळी तर हरगिज नेऊ नये.

डॉक्टरांनी औषधाबरोबर आणखी एक काम केलं. पुण्याच्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवलं. आमच्याकडे असं कुणी सांगितलं की लोक लगेच म्हणतात, "म्हणजे येरवड्याला का?" मी चार वेळा गेलो. बाईंनी एक शिडी आखून दिली. आधी विमानाची चित्रं बघायची. मग डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकायचा. मग बारामतीच्या धावपट्टीच्या बाहेर रस्त्याकडेला उभं राहून विमानं उतरताना बघायची. प्रत्येक पायरीवर भीती आपोआप उतरेपर्यंत थांबायचं, पळून यायचं नाही. एका सकाळी मी अकरा विमानं उतरलेली मोजली. पहिल्याला घाम फुटला. अकराव्याला मी चहाची टपरी शोधत होतो.

आणि मग जायचा दिवस. गोळी घरून घेऊन निघायचं नाही, विमानात चढायची घोषणा होईल तेव्हाच घ्यायची, असं बजावलेलं होतं. मुंबईला विमान दोन तास उशिरा निघालं, तेव्हा या सांगण्याची किंमत कळली. आधीच घेतली असती तर तिचा बराच अंमल बाकावर बसून संपला असता.

गोळीनं काम केलं का? केलं. भीती गेली नाही, पण ती शेजारच्या घरात कुणी भांडत असावं तशी लांबून ऐकू येत राहिली. मी तीन तास बसलो, उतरलो, दुसऱ्या दिवशी नातीला मांडीवर घेतलं. तेवढ्यासाठी मी त्या गोळीचा ऋणी आहे. गोळीला नावं ठेवायला मी इथे आलेलो नाही. पण एक गोष्ट नोंदवायला हवी. जन्मात पहिल्यांदा मी अरबी समुद्र वरून पाहिला, आणि तो कसा दिसला हे मला आज आठवत नाही. या गोळ्या आठवणी पुसट करतात. डॉक्टरांच्या लेखी हा किरकोळ दुष्परिणाम असेल. कवीला तो महाग पडतो.

परतीच्या वेळी काय करायचं, यावर डॉक्टर निघतानाच बोलले होते. त्यांनी मला एका प्रयोगाची हकीकत सांगितली. तो अमेरिकेतला, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला. विल्हेल्म आणि रॉथ या संशोधकांनी विमानाला घाबरणाऱ्या २८ स्त्रियांना आठवड्याच्या अंतरानं दोनदा विमानातून नेलं. पहिल्या खेपेला काहींना अल्प्राझोलाम दिलं, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. ज्यांना खरी गोळी मिळाली, त्यांनी सांगितलं की भीती कमी वाटली. पण मोजलं तेव्हा त्यांची नाडी आणि श्वास दुसऱ्या गटापेक्षा जलद निघाला. म्हणजे मन म्हणत होतं ठीक आहे आणि शरीर धावत होतं. दुसऱ्या आठवड्यात कुणालाच गोळी दिली नाही. तेव्हा आधी खरी गोळी घेतलेल्यांपैकी ७१ टक्क्यांना पॅनिक अटॅक आला. औषध नसलेली गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण होतं २९ टक्के.

प्रयोग लहान होता, अवघ्या २८ जणींचा. पण त्याचा अर्थ माळ्यावरच्या राखणदाराला लावून बघा. जो राखणदार जागा राहून, घाबरत का होईना, रात्रभर सळसळ ऐकतो, त्याला पहाटेपर्यंत कळतं की हा वारा आहे. ज्याला झोपवलं, त्याला काहीच कळत नाही. दुसऱ्या रात्री तो पहिल्यासारखाच ओरडतो. कधी जास्तच ओरडतो, कारण आता त्याला वाटतं, काल वाचलो ते गोळीमुळे.

माझ्या मते या गोळीविषयी जाणून घ्यायची मुख्य गोष्ट हीच. ती तुम्हाला एकदा पलीकडे पोचवते. पण प्रवास कसा करायचा ते शिकवत नाही. मुलीचं बाळंतपण, भावाचं आजारपण, मयताला पोचायचं असणं, अशा एखाद्या वेळी डॉक्टरांनी विचारपूर्वक दिली तर ती घ्यायला लाज नको. पण प्रत्येक वेळी तिच्याच जिवावर जायचं ठरवलं तर भीती तशीच राहते आणि वर गोळीची सवय लागते. आणि ज्यांना रोज घ्यायची सवय जडली, त्यांनी ती एकदम तोडूही नये. झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते. ब्रिटनमधल्या कितीतरी दवाखान्यांनी आता विमानाच्या भीतीसाठी डायझेपाम लिहून देणंच बंद केलं आहे. त्यांची कारणं साधी आहेत. गुंगीतला माणूस संकटात चटकन उठू शकत नाही, आणि तासन् तास हालचाल न करता झोपला तर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते.

परत येताना मी गोळी खिशात ठेवली, घेतली नाही. पत्नी शेजारी होती. जागा पंखांजवळची घेतली, तिथे हादरे कमी जाणवतात. हवाई सुंदरीला चढतानाच सांगितलं, मला भीती वाटते. तिनं मान हलवली आणि दोनदा येऊन चौकशी करून गेली. विमान वर चढताना भीती आली, पूर्ण ताकदीनं आली. बाईंनी शिकवलं होतं तसं श्वास लहान घेतला आणि लांबवर सोडला, पुन्हा पुन्हा. साधारण वीस मिनिटांनी ती ओसरायला लागली. भीतीलाही दम लागतो, श्रोतेहो. तिला सतत त्याच जोरानं ओरडता येत नाही. हे वाचून मला कधी पटलं नसतं. त्या वीस मिनिटांत पटलं.

आता लोकांच्या एका प्रश्नाकडे येतो. तो आमच्या मोहल्ल्यातही विचारला जातो आणि माळकऱ्यांच्या ओसरीवरही. "गोळी कशाला? अल्लावर भरवसा नाही का? पांडुरंगावर भार टाकला की झालं." भरवसा आहे. पण पैगंबरसाहेबांची एक गोष्ट आमच्याकडे लहान पोरांनाही सांगतात. एकानं विचारलं, उंट मोकळा सोडून देवावर भरवसा ठेवू का? उत्तर मिळालं, आधी उंट बांध, मग भरवसा ठेव. डॉक्टरांकडे जाणं म्हणजे उंट बांधणं. त्यात श्रद्धेची कमी कुठे आली? १९९५ पर्यंत मुंबईहून जेद्दाला हजची जहाजं जात. त्या काळातले बुजुर्ग समुद्राच्या भीतीच्या गोष्टी सांगत, आणि त्या सांगताना त्यांना कधी लाज वाटली नाही. जहाजं बंद झाली, विमानं आली, आणि कोण जाणे कुठून भीतीला लाज चिकटली.

तर शेजाऱ्यांना मी गोळी दिली नाही, डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्या घोरण्याची कीर्ती सगळ्या आळीला ठाऊक आहे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, तुम्हाला ही गोळी नको, आधी झोपेतल्या श्वासाची तपासणी करा. शेजारी मुलाला म्हणाले, "बाळा, आम्ही रेल्वेनं जातो." आणि गेले. त्यातही काही वावगं नाही. सगळ्यांनी विमानातच बसलं पाहिजे असा कुठे नियम आहे? खाला मात्र विमानानंच गेल्या. त्यांच्या डॉक्टरांनी वय बघून गोळी नाकारली. पण त्यांच्या सुनेनं महिनाभर आधीपासून रोज त्यांना लांब श्वास सोडायला शिकवलं, मोबाइलवर विमानाचा आवाज ऐकवला, आणि जाताना हात धरून बसली. परत आल्यावर मी विचारलं, भीती वाटली का? म्हणाल्या, "वाटली की. पर रडायला लाज नव्हती, मग काय!"

माझ्याकडे उरलेल्या गोळ्या मी डॉक्टरांना परत नेऊन दिल्या. घरात ठेवल्या असत्या तर कधीतरी कुणीतरी मागितल्या असत्या आणि भिडेखातर त्या गेल्या असत्या. तुमच्या घरातही कपाटात, डब्यात, पाकिटात अशी अर्धी पट्टी पडलेली असेल. ती कुणाची, कशासाठी दिलेली, हे आजच बघून घ्या.

भीती वाटत असेल तर आधी कुणाला तरी सांगा. डॉक्टरांपर्यंत जायला संकोच वाटला तर टेलिमानस ही सरकारची फोनसेवा आहे. क्रमांक आहे १४४१६. ती २०२२ मध्ये सुरू झाली, फोन फुकट आहे आणि मराठीतून बोलता येतं. आणि ज्यांच्या घरात असा घाबरणारा माणूस आहे त्यांनाही एक विनंती. त्याला अपघातांचे आकडे सांगू नका. हसू नका. आपल्या पर्समधली गोळी त्याच्या हातावर ठेवू नका. त्याला विचारा, "नेमकं काय वाटतं?" आणि तो सांगेपर्यंत थांबा.

आमच्या आभाळात यंदा जे घडलं, त्यानंतर हे बोलणं जास्त गरजेचं झालं आहे, एवढं नमूद करून आपली रजा घेतो. नमस्कार.